वर ऊन, खाली सावली

हा दिवाळी अंक तुमच्या हाती पडेल त्या दिवसांत गुंदमध्ये अंगण खरवडायला घेतलेलं असेल. चार महिन्यांच्या पावसानं अंगणावर शेवाळ चढलेलं असतं, कडेनं तण माजलेलं असतं, मधली माती वाहून जाऊन खड्डे पडलेले असतात. ते सगळं खरवडून, लाल माती घालून, पाणी शिंपडून, चोपण्यानं चोपून आणि शेणानं सारवून अंगण पुन्हा उभं करायचं. बाहेरच्या माणसाला ती दिवाळीची साफसफाई वाटेल. गुंदच्या बागायतदाराच्या हिशेबात ती उन्हाळ्याची तयारी आहे, आणि ती थेट वैशाखापर्यंत चालते.

गुंद उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जोयडा तालुक्यात आहे. दांडेलीहून पोटोलीवरून उळवीला जाणाऱ्या वाटेवर हे गाव लागतं. गाव म्हटल्यावर डोळ्यांपुढे येते तशी वस्ती इथे नाही. खोलगट भागात पोफळीची बाग, बागेच्या काठाला एक घर, मग रान, मग पुन्हा एखादी बाग आणि तिच्या काठाला दुसरं घर, असा सगळा विस्कळीत पसारा. बागा बहुतेक हव्यक ब्राह्मणांच्या. त्यांची बोली हव्यक कन्नड. आसपासच्या वाड्यांवर कुणबी राहतात, त्यांची बोली कोकणीच्या अंगानं जाणारी आणि मराठी कानाला सहज कळणारी. तालुक्यात गवळी धनगर आहेत, सिद्दी आहेत. १८६२ साली हा जिल्हा मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला आणि १९५६ पर्यंत तिथेच राहिला. त्यामुळे इथे मराठी बोललं तर कुणी चमकून पाहत नाही.

उन्हाळ्यासाठी घर सजवायचं म्हटलं की आपल्याला चैत्र आठवतो. चैत्रगौर झोपाळ्यावर बसते, दारात चैत्रांगण काढतात, आंब्याची डाळ आणि पन्हं होतं. नवा माठ आणतात, खिडकीला वाळ्याचा पडदा लावून त्यावर पाणी मारतात. या सगळ्या सजावटीचा रोख उन्हापासून आडोसा करण्याकडे असतो. गुंदमध्ये मला वेगळंच काही दिसलं. इथे ऊन हवं असतं, नेमकं, मोजून, अंगणभर हवं असतं. आणि त्याच अंगणात माणसांना सावलीही हवी असते. एकाच जागेत दोन्ही बसवण्यासाठी इथल्या लोकांनी जी रचना केली आहे तिला ते अट्ट म्हणतात. माझ्या मते सह्याद्रीतल्या घरबांधणीतली ती सर्वांत सुंदर गोष्ट आहे, आणि तिच्याकडे कुणी सौंदर्य म्हणून पाहत नाही.

अट्ट म्हणजे अंगणावर उभारलेला माच. खाली खांब, त्यावर आडव्या वाशांची चौकट, चौकटीवर पोफळीच्या खोडाच्या चिरलेल्या पट्ट्या ओळीनं बांधलेल्या. उंची माणूस हात वर करून सहज फिरेल इतकी. शिडी लावून वर चढायचं आणि सुपारी पसरायची. पट्ट्यांमधल्या फटींतून वारा खालून वर खेळतो, म्हणून फळ दोन्ही अंगांनी सुकतं. जमिनीवर पसरलेल्या फळाला ओल धरते, गुरं तुडवतात, कोंबड्या विखरतात. माचावर यातलं काही होत नाही. आणि त्या सुपारीच्याच थरामुळे खाली अंगणभर सावली पडते. वर पैसा वाळतो, खाली घर राहतं.

यासाठी लागणारं बहुतेक सगळं सामान बागेतूनच येतं. म्हातारी झालेली, शेंडा वाळलेली किंवा वाऱ्यानं मोडलेली पोफळ तोडली की तिचं खोड उभं चिरतात. आतला भुसभुशीत गाभा काढून टाकला की बाहेरची सालपट्टी लोखंडासारखी टणक उरते. पोफळीचं झाड लावल्यापासून पाच ते आठ वर्षांनी धरू लागतं आणि नीट सांभाळलं तर साठ वर्षंही जगतं. म्हणजे आजोबांनी लावलेली पोफळ नातवाच्या अंगणात माच होऊन पडलेली असते आणि तिच्यावर तिच्याच पोरीबाळींची फळं वाळत असतात. हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही. अट्टाच्या पट्ट्या कुठल्या बागेतल्या, कुणी लावलेल्या झाडाच्या, हे सांगता येणारी माणसं इथे आहेत.

सुपारीच्या दोन तऱ्हा. कोवळी, हिरवी असताना उतरवून, सोलून, उकडून वाळवतात ती लाल सुपारी. उकडताना तिच्याच रसाचं गडद पाणी वापरतात, त्याला चोगरू म्हणतात. हा हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि पौषापर्यंत चालतो. दुसरी चाली. ही झाडावर पूर्ण पिकू द्यायची, केशरी झालेली फळं उतरवायची आणि सालासकट वाळवायची. चालीला पाच ते सहा आठवड्यांचं कडक ऊन लागतं. तेही एकसारखं. फळं दर काही दिवसांनी हलवावी, उलटावी लागतात. आत ओल राहिली तर बुरशी धरते आणि सोलल्यावर गर काळा निघतो. म्हणून माघ, फाल्गुन, चैत्र हे महिने बागायतदार आभाळाकडे डोळे लावून काढतो. दुपारी ढग दाटले की घरातली सगळी माणसं, शाळेतून आलेली पोरंसुद्धा, शिडीवर. वळवाची एक सर पंधरा दिवसांचं ऊन वाया घालवू शकते.

या सुपारीचं महत्त्व काय, ते शिरसीत गेलं की कळतं. बागायतदारांनी १९२३ साली तिथे स्थापन केलेली तोटगार्स सहकारी विक्री संस्था, लोकांच्या तोंडी टीएसएस, शंभरी ओलांडून उभी आहे. ‘शिरसी सुपारी’ला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. व्यापारी सुपारी दातानं नाही तर कानानं पारखतो, दोन खांडं एकमेकांवर आपटून. ती खणखणली पाहिजे. तो खणखणाट अंगणातल्या उन्हानं दिलेला असतो.

आता खाली उतरू, सावलीत.

अट्टाखालचं अंगण ही उन्हाळ्यातली घराची सर्वांत मोठी खोली होते. पडवीतलं सामान तिथे येतं, सुपारी सोलायला बायका तिथेच बसतात. विळीसारखं पातं लाकडी पाटाला उभं बसवलेलं, त्यावर फळ दाबायचं, साल दोन फाकांत वेगळी, गर टोपलीत. सोलण्याचा आवाज संध्याकाळभर चालतो आणि त्या तालावर गावाच्या सगळ्या बातम्या इकडून तिकडे जातात. चैत्रात कच्च्या फणसाचे गरे उकडून वाटतात आणि चटईवर फणसाचे पापड थापतात. चटया अट्टाच्या सावलीबाहेर, उन्हाच्या पट्ट्यात सरकवत राहायच्या. सकाळी पूर्वेच्या कडेला, दुपारनंतर पश्चिमेच्या. ऊन आणि सावली यांची ही रोजची वाटणी घरातली म्हातारी माणसं घड्याळ न पाहता करतात.

याच दिवसांत अप्पेमिडी येते. नदीकाठच्या रानातल्या आंब्यांच्या या कोवळ्या कैऱ्या, अंगठ्याएवढ्या, देठासकट उतरवलेल्या. देठ मोडला की चीक गळून वास जातो, म्हणून टोपलीत त्या नवजात पोरासारख्या हाताळतात. मिठात मुरवल्यावर वर्ष दोन वर्षं टिकतात. रातांबे पिकले की कोकम सुरू होतं. सालं काढायची, त्यांच्याच रसात पुन्हा पुन्हा बुडवून वाळवायची. बिया फेकायच्या नाहीत. त्यांतून निघणारं घट्ट तेल पावसाळ्यात चिखलानं भेगाळलेल्या टाचांना लावायला लागतं. मिरी त्याआधीच वेलींवरून उतरलेली असते आणि चार-पाच उन्हांत काळी होऊन डब्यात गेलेली असते. कुठलीही गोष्ट पाहा, उन्हाळ्यात बनते आणि पावसात खर्ची पडते.

घरात लग्न निघालं तर वेगळा मांडव घालायची गरज उरत नाही. तोवर वरची सुपारी उतरलेली असते. मग त्याच चौकटीवर नारळाच्या चुडतांची झापं नाहीतर पोफळीची पानं टाकायची. पोफळीच्या पानांना इथे सोगे म्हणतात. खांबांना केळी बांधायच्या, आंब्याचे डहाळे लावायचे आणि दारावर पोफळीचा फुलोरा, हिंगार, टांगायचा. विरी, म्हणजे वरचं आवरण, फोडून बाहेर काढलेला हिंगार पिवळसर पांढरा, मण्यांच्या सरांसारखा लोंबता असतो आणि त्याचा वास मंद, गोडसर असतो. शहरात हजारो रुपये घालून फुलांची सजावट करून घेणाऱ्यांनी तो एकदा पाहावा. त्याची किंमत मात्र मोजावी लागते: एक हिंगार उतरवला म्हणजे एक घड सुपारी गेली. म्हणून तो शुभकार्याला आणि देवालाच लावतात, उगाच शोभेला नाही.

बायकांची स्वतःची फुलबाग घराच्या दुसऱ्या अंगाला असते. उन्हाळ्यात तिथे मोगरा आणि अबोली राखतात, न्हाणीघराचं पाणी दांडानं त्यांच्याकडे वळवलेलं असतं. डेलियाचे कंद मात्र काढून, राखेत घोळवून कोरड्या जागी ठेवतात. पहिला पाऊस झाला की ते मातीत जातात आणि श्रावणात दारासमोर ताटाएवढी फुलं. रानात मात्र उन्हाळ्यातच बहर असतो. सुरंगीच्या फांद्या अंगभर कळ्यांनी भरतात, बहावा पिवळा होतो.

बागेचा उन्हाळा घराच्या उन्हाळ्याहून कठीण. पोफळीला पाणी आवडतं आणि उन्हाचा चटका सोसत नाही, हे तिचं दुखणं. कासरगोडच्या केंद्रीय लागवडी पिके संशोधन संस्थेची शिफारस अशी की एका झाडाला एका वेळी सुमारे १७५ लिटर पाणी द्यावं, थंडीत आठवड्यानं आणि मार्च ते मे या काळात तीन ते पाच दिवसांनी. रानातल्या झऱ्यावर चालणाऱ्या बागेला हे गणित वैशाखात जमवणं अवघड जातं. झरा बारीक झाला की पाणी पाळीनं फिरवावं लागतं.

चटक्याचं प्रकरण अधिक नाजूक आहे. दुपारनंतरचं तिरपं ऊन नैर्ऋत्येकडून थेट खोडावर पडतं. तिथे आधी पिवळट डाग येतो, मग तो तपकिरी होतो, खोड तडकतं आणि एखाद्या वर्षी वाऱ्यात झाड तिथेच मोडतं. म्हणून नवी बाग लावताना ओळी सरळ दक्षिणोत्तर न धरता ३५ अंशांनी पश्चिमेकडे कलत्या धराव्यात, असं शास्त्र सांगतं. म्हणजे दुपारी एका झाडाची सावली दुसऱ्याच्या अंगावर पडते. जुन्या बागांच्या नैर्ऋत्य कडेला दाट पानांची झाडं राखलेली असतात, आणि कडेच्या उघड्या खोडांना पोफळीचीच वाळलेली पानं किंवा विरी गुंडाळून बांधतात. कोवळ्या रोपांना केळीची सावली. फाल्गुनात बागेच्या कडेनं चालत गेलं की खोडांना असे तपकिरी पदर नेसवलेले दिसतात. बागेची ही सजावट कुणाच्या डोळ्यांसाठी केलेली नाही, तरी डोळा तिथे थांबतो.

आणि पातेरा. उन्हाळ्यातलं सर्वांत मोठं, सर्वांत दमवणारं काम हेच. बागेला खत आणि आच्छादन लागतं, ते रानातून येतं. त्यासाठी राखलेल्या रानाला बेट्ट म्हणतात, सोप्पिन बेट्ट, म्हणजे पाल्याचं रान. ब्रिटिश वनखात्याच्या काळात ठरलेल्या या हक्कात घाटावरच्या भागात एक एकर बागेमागे नऊ एकरांपर्यंत बेट्ट मिळालं. जमीन सरकारी, पाला बागायतदाराचा, आणि झाड मारायचं नाही. कोवळी पालवी फुटायच्या आत गळलेली पानं झाडून, जाळीदार गाठोड्यांत भरून डोक्यावरून आणतात. थोडी गोठ्यात गुरांच्या पायाखाली जातात, शेणमुतात भिजून त्यांचं खत होतं. बाकीची सरळ पोफळीच्या बुंध्याशी पसरतात. जमीन झाकली की ओल धरून राहते. जागोजाग नवी लाल माती टाकतात, चर उपसतात. मेअखेर पावसाचा अंदाज घेऊन, फळं कुजवणाऱ्या कोळेरोगाविरुद्ध बोर्डो मिश्रणाची फवारणी: एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी. पूर्वी घडांना गवताच्या टोप्या बांधत, त्यांना कोट्टे म्हणत. उंच झाडावर दोरानं लटकत ही टोपी बांधणं हे कौशल्य होतं, आणि ते करणारी माणसं आता फार थोडी उरली आहेत.

कुणब्यांच्या वाडीवर अट्ट नसतो, कारण तिथे सुपारी नसते किंवा नावापुरती असते. पण अंगण तितकंच जपलेलं. मातीच्या भिंती, समोर तुळस, सारवलेलं खळं, त्याच्या कडेनं मातीचा छोटा बांध. शिमगा झाला की छपराचं काम निघतं. गवत किंवा पेंढा बदलायचा, कौलं असतील तर फुटकी काढायची. लाकडं फोडून रचायची, पावसात चूल पेटली पाहिजे. आणि सर्वांत मोलाचं काम कंदांचं. जोयड्याचे कुणबी कंदांचे जाणकार म्हणून प्रसिद्ध आहेत. अळूच्या जातीचा प्रचंड मोठा होणारा मुडली, कोनफळ, काटेकणगी, सुरण, करांदे, किती जाती आणि प्रत्येकीची चव आणि शिजण्याची वेळ वेगळी. जोयड्याला दरवर्षी कंदमेळा भरतो तेव्हा शहरातली माणसं या कंदांचे ढीग पाहून थक्क होतात. त्या ढिगांची सुरुवात उन्हाळ्यात, घराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात झालेली असते. बेण्याचे कंद राखेत, थंडाव्याला जपून ठेवायचे, परसात मातीचे उंचवटे घालून ठेवायचे, आणि वळवानं माती भिजली की लावायचे. कधीकाळी हीच माणसं डोंगरावर कुमरी, म्हणजे फिरती शेती करत. ती बंद पडल्यावर डोंगरावरचं ज्ञान परसात येऊन राहिलं. त्या परसाला मी बाग म्हणतो, आणि गुंदच्या परिसरातली ती सर्वांत श्रीमंत बाग आहे असं माझं मत आहे.

या तालुक्याला अंगण गमावणं म्हणजे काय ते ठाऊक आहे. तालुक्याचं जुनं नाव सुपे. काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावर सुपे गाव होतं, तेच तालुक्याचं ठाणं. गणेशगुडीला १०१ मीटर उंचीचं धरण झालं, १९८७ च्या सुमाराला ते पुरं झालं आणि सुपे पाण्याखाली गेलं. ठाणं जोयड्याला आलं, कितीतरी कुटुंबं रामनगरला वसवली गेली. त्या पाण्याखाली घरांबरोबर किती सारवलेली अंगणं गेली, याची नोंद कुठल्याही सरकारी कागदात नसते. मोबदला भिंतींचा आणि जमिनीचा मिळतो. पुढे २००७ मध्ये दांडेली अभयारण्य आणि अणशी राष्ट्रीय उद्यान मिळून व्याघ्र प्रकल्प झाला, २०१५ मध्ये त्याला काळी नदीचं नाव मिळालं. वाघ वाचला पाहिजे, यात मला शंका नाही. पण रानातून पाला आणणारी बाई आणि रान राखणारं खातं यांनी एकमेकांना ओळखलं पाहिजे, हेही तितकंच खरं आहे.

आज अट्ट कमी होत चाललेत. कारणं साधी आहेत. चिरायला, बांधायला, चढायला माणसं नाहीत. तरुण मुलं गोव्याला, बेळगावला, बंगळूरला गेली. दरवर्षी उभारायचा आणि मोडायचा माच कोण करणार? मग अंगणात सिमेंट पडतं, त्यावर पत्र्याचं कायमचं छप्पर येतं, किंवा प्लास्टिकच्या कागदाचं बंदिस्त वाळवणघर येतं. वाळवणघरात वळवाची भीती नाही, हा त्याचा मोठा गुण आहे. ज्याच्या घरात साठीच्या पुढची दोनच माणसं उरली आहेत त्यानं ते बांधलं तर ते योग्यच केलं, असं मी म्हणेन. म्हाताऱ्या माणसानं शिडीवरून पडण्यापेक्षा ते बरं. पण पत्र्याबद्दल माझं मत ठाम आहे. चैत्राच्या दुपारी पत्र्याखालचं अंगण भट्टीसारखं तापतं, तिथे कुणी सुपारी सोलायला बसत नाही, पोरं खेळत नाहीत. माणसं घरात पंख्याखाली जातात आणि अंगण ही खोली घरातून वजा होते. सिमेंटवर पाणी मुरत नाही, सारवण नाही, म्हणून गाईचं शेण नको, म्हणून हळूहळू गाय नको. आणि गाय गेली की बेट्टातला पाला भिजवायला गोठा उरत नाही. एका सिमेंटच्या थरामागे इतकं सगळं जातं.

मधला मार्ग काही घरांनी काढला आहे. खांब सिमेंटचे किंवा लोखंडी, कायमचे. वरच्या पट्ट्या मात्र पोफळीच्याच, आणि त्या दरवर्षी काढता येतात. अंगण मातीचं. पाऊस आला तर वरून ओढायला ताडपत्रीची गुंडाळी. यात श्रम अर्ध्यावर येतात आणि सावली तीच राहते. ज्यांना घराची दुरुस्ती करायची आहे त्यांनी हे एकदा पाहून यावं. कोकणात, गोव्यात, चंदगड-आजऱ्याकडे, जिथे जिथे अंगण आहे आणि वाळवण आहे, तिथे हे जमण्यासारखं आहे. सुपारी नसेल तर आमसुलं वाळवा, काजू वाळवा, मिरच्या वाळवा.

मे संपत आला की अट्ट उतरवायला घेतात. पट्ट्या सुटतात, बांधून आडोशाला रचल्या जातात. चार महिने सावलीत असलेलं अंगण एकदम उघडं पडतं. मग भिंतींना झडीपासून वाचवायला सोगेच्या ताट्या लागतात, आणि उरलेलं सोगे अंगणभर अंथरतात, पावसाच्या थेंबांनी माती उडू नये आणि शेवाळावरून पाय घसरू नये म्हणून. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस येतो तेव्हा ते सारवलेलं अंगण सगळं पोफळीच्या पानांखाली असतं.

दिवाळीत ती पानं कुजलेली असतात. ती खरवडून बागेत, पोफळीच्या बुंध्याशी टाकतात.